जुळ्या हलांची नवी नाव : हॉबी १६ वर पहिले चार दिवस

पहिल्या दिवशी नाव पाण्यात ढकलली तेव्हा डाव्या हलचं, म्हणजे नावेच्या डाव्या पोटाचं, बूच माझ्या खिशात होतं. अर्ध्या तासाने डावी बाजू जड झाली, नाव सारखी तिकडे ओढ घेऊ लागली. मावसभाऊ सुकाणूत काहीतरी अडकलंय म्हणून मागे वाकून बघत होता. मी सहज खिशात हात घातला, आणि काही न बोलता ते बूच त्याच्यासमोर धरलं. तो जे बोलला ते इथे लिहिता येणार नाही.

तेव्हा हा लेख तज्ज्ञाचा नाही. आम्ही दोघांनी एक लहान शिडाची कॅटामरान घेतली, अलिबागजवळ मांडव्याच्या किनाऱ्यावर आणली आणि चार दिवसांत जेवढ्या चुका करता येतील तेवढ्या केल्या. तुमची नाव नवीन असेल, किंवा कुणाची तरी चालवायला मिळणार असेल, तर यातल्या निम्म्या तरी वाचतील. सगळ्यात मोठी चूक आधी सांगतो. ही नाव पहिल्या पाच मिनिटांत वेग दाखवते, आणि आपल्याला वाटतं की जमलं. वेग तिचा तिलाच येतो. थांबवणं, वळवणं आणि उलटल्यावर सरळ करणं हे मात्र आपल्याला शिकावं लागतं, आणि शिकायचा क्रमही तोच ठेवावा.

आधी नाव समजून घ्या

कॅटामरान हा शब्द तमिळमधल्या 'कट्टुमरम'वरून आला, म्हणजे एकत्र बांधलेली लाकडं. गंमत अशी की कट्टुमरम हा तराफा. त्याला दोन वेगळी पोटं नसतात. आपल्याकडे या नावेच्या तत्त्वाला जवळची गोष्ट शोधायची तर ती उलांडी. अरुंद होडीला बाजूने आडव्या काठ्या लावून एक लाकूड तरंगत ठेवलं की होडी कलंडत नाही, हे कोकणात कुणालाही समजावून सांगावं लागत नाही. कॅटामरानमध्ये ती उलांडीच होडीएवढी मोठी झालेली असते.

हॉबी १६ ही कॅलिफोर्नियातल्या हॉबी ऑल्टर या सर्फबोर्ड बनवणाऱ्या माणसाची कल्पना, १९७० च्या आसपासची. सर्फबोर्डसारखी वाळूवरून थेट पाण्यात ढकलता यावी आणि तशीच वाळूवर परत चढवता यावी, अशी नाव त्याला हवी होती. तिची सगळी वैशिष्ट्यं आणि सगळे दोष या एका हट्टातून आलेत. लांबी साधारण ५ मीटर, रुंदी २.४ मीटर, वजन सुमारे १४५ किलो, डोलकाठी ८ मीटर आणि दोन शिडं मिळून जवळजवळ २० चौरस मीटर कापड. वजन आणि कापड यांचं हे प्रमाण एकदा नीट वाचा. दोन माणसांच्या वजनाएवढी नाव, आणि वर एका खोलीच्या जमिनीएवढं शीड.

वाळू लागू नये म्हणून तिला खाली उतरणारी फळी नाही. ऑप्टिमिस्ट किंवा लेझर अशा एका पोटाच्या लहान शिडाच्या नावा चालवलेल्यांना त्या फळीची सवय असते. तिच्यामुळे नाव वाऱ्याने बाजूला सरकत नाही. हॉबीत हे काम हलच्या आकारावर सोपवलंय. प्रत्येक हल बाहेरच्या बाजूने जवळजवळ सपाट आणि आतल्या बाजूने फुगीर असतो, त्यामुळे वाऱ्याआडचा, म्हणजे वाऱ्यापासून लांबचा, हल पाण्यात दाबला गेला की नावेला वाऱ्याकडे थोडी उचल मिळते. हे चालतं, पण नाव वेगात असेल तरच. वेग गेला की ती सरळ बाजूला घसरायला लागते. हे लक्षात ठेवा, टॅकच्या वेळी, म्हणजे नाळ वाऱ्यातून पलीकडे वळवताना, याचीच गाठ पडणार आहे. (नाळ म्हणजे नावेचं पुढचं टोक.)

तुमच्याकडे हॉबी वेव्ह असेल तर तुम्ही सुखी आहात. ती ४ मीटरची, प्लॅस्टिकच्या हलांची, बरंच लहान शीड असलेली नाव आहे आणि पुष्कळ गोष्टी माफ करते. आम्ही सोळाच घेतली, कारण सोळा स्वस्तात मिळाली. खरं कारण एवढंच.

शब्दांचा एक घोळ आधीच मिटवून टाकतो. शीट म्हणजे शीड नव्हे. शीट म्हणजे शीड ओढायची आणि सोडायची दोरी. पहिल्या दिवशी मी "शीट सोड" म्हणत होतो आणि भावाला "शीड सोड" ऐकू येत होतं. तो शीड उतरवायच्या तयारीला लागला. आता आम्ही मोठ्या शिडाच्या शीटला नुसतं "मोठी दोरी" आणि पुढच्या शिडाच्या शीटला "छोटी दोरी" म्हणतो. तुम्हाला हवं ते म्हणा, पण किनाऱ्यावरच ठरवून घ्या.

दिवस कोणता निवडायचा

यावर मी जरा जास्त लिहिणार आहे. नावेबद्दलची पुस्तकं आणि व्हिडिओ बहुतेक परदेशातले असतात, आणि त्यात आपल्या पाण्याबद्दल काहीच नसतं.

मुंबईच्या आसपास भरती-ओहोटीत मोठा फरक पडतो. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास, पाणी चार-साडेचार मीटर चढतं-उतरतं. एवढं पाणी सहा तासांत बंदरात शिरायचं आणि तेवढ्याच वेळात बाहेर पडायचं म्हणजे ओढ किती असेल, याची कल्पना करा. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमी-नवमीच्या सुमारास, हा फरक बराच कमी होतो आणि ओढही मंदावते.

आता कोकणातला जुना हिशेब. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारण कळते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता, सकाळीही आणि संध्याकाळीही. म्हणजे अष्टमीला दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी संपते, आणि नंतर सहापर्यंत पाणी हळूहळू आत येत राहतं. नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघाच, पण दिवस निवडायला हा हिशेब पुरतो.

आता वारा. ऑक्टोबर ते मे या काळात सकाळी जमिनीकडून मतलई वारे येतात आणि दुपारी वायव्येकडून खारे वारे सुरू होतात. मांडव्याचा किनारा समुद्राकडे पश्चिम-वायव्येला तोंड करून आहे. म्हणजे दुपारचा वारा आपल्याला किनाऱ्याकडे आणतो आणि सकाळचा समुद्रात नेतो.

आम्ही पहिल्यांदा सकाळीच गेलो. पाणी आरशासारखं, वारा मऊ, नाव अलगद बाहेर. दहाच्या सुमारास मतलई पडला. खारा सुरू व्हायला दीड तास होता. मधल्या वेळात ओहोटीने आम्हाला आणखी बाहेर नेलं, आणि आमच्याकडे वल्हं एकच होतं. उन्हात शिजत बसणं म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. एका मासेमारी होडीवरच्या काकांनी दोरी टाकून ओढत आणलं. पैसे घेतले नाहीत, फक्त विचारलं, "सकाळी कोण जातं रे बाहेर, परत यायचं ठरलेलं नसताना?"

म्हणून : पहिला दिवस अष्टमी-नवमीच्या आसपासचा, वेळ दुपारी एक ते चार. पाणी आत येतंय, वाराही आत आणतोय, काहीही बिघडलं तरी तुम्ही किनाऱ्याकडेच वाहत याल. पौर्णिमा-अमावास्येच्या दुपारी अगदी उलटं होतं. पाणी जोरात बाहेर, वारा आत, आणि दोघांची टक्कर होऊन आखूड, उभ्या लाटा उठतात. त्या दिवशी किनाऱ्यावर बसून भजी खा.

वाऱ्याचा जोर ६ ते १० नॉट्स असावा, म्हणजे ताशी ११ ते १८ किलोमीटर. फोनवरचा अंदाज बघा, पण पाणीही बघा. लाटांच्या माथ्यावर जागोजागी पांढरा फेस फुटायला लागला, तर वारा नवख्याच्या पलीकडे गेलाय. मार्च ते मे या महिन्यांत दुपारी तीननंतर तो हमखास तसा होतो. पावसाळ्यात हा विषयच काढू नका.

जाण्याआधी स्थानिक बंदर कार्यालयात नावेच्या नोंदणीची आणि परवानगीची चौकशी करा. आणि किनाऱ्यावरच्या मच्छीमारांना जाळी कुठे लावलीत ते विचारा. बोये दिसतात, त्यांच्यामधली दोरी दिसत नाही, आणि नावेचं सुकाणू तीच दोरी बरोबर शोधून काढतं. लाँच आणि गाड्या नेणाऱ्या रो-रो बोटीचा मार्गही माहीत करून घ्या. त्या बोटी तुमच्यासाठी वळणार नाहीत.

जोडणी

पहिल्या वेळी दोन तास धरा. दहाव्या वेळी पाऊण तास लागतो.

डोलकाठी उभी करायच्या आधी वर बघा. विजेची तार आहे का? मान वर करून, नावेपासून पाण्यापर्यंतच्या सगळ्या वाटेवर बघा. ८ मीटरची अॅल्युमिनियमची काठी तारेला लागून माणसं मेली आहेत. म्हणूनच पुढे या नावांच्या डोलकाठीचं वरचं टोक वीज न वाहणाऱ्या मिश्र साहित्याचं बनवायला लागले. जुन्या नावेवर ते नसेलही, आणि असलं तरी खालची काठी धातूचीच असते.

बाजूच्या दोन्ही तारा आधी अडकवा. काठीचा बूड खाचेत बसवून तिथली खीळ घाला. मग एकाने ट्रॅम्पोलीनवर, म्हणजे दोन हलांमधे ताणलेल्या कापडावर, उभं राहून काठी खांद्यावरून वर ढकलायची, दुसऱ्याने समोरून तार ओढायची. वारा असेल तर तिसरा माणूस बोलवा. समोरची तार पक्की झाल्याशिवाय कुणीही हात सोडायचा नाही. प्रत्येक खिळीला छोटी कडी असते, ती बसली की वर चिकटपट्टी गुंडाळा. सुटलेल्या एका कडीमुळे अख्खी काठी खाली येते.

उभी झालेली काठी जरा डुगडुगते. घाबरू नका, ती तशीच असते. खरा ताण जिबची, म्हणजे पुढच्या शिडाची, दोरी खेचल्यावर येतो. ती अंगातली ताकद लावून खेचा.

मोठ्या शिडात आडव्या पट्ट्या असतात, त्यांना बॅटन म्हणतात. कापडावरच्या उभ्या सुरकुत्या जातील एवढ्याच आवळा. शीड चढवताना नावेचं तोंड नेहमी वाऱ्याकडे, आणि मोठी दोरी पूर्ण सैल. शीड वर टोकाला पोचलं की हॅल्यार्ड, म्हणजे शीड वर चढवायची दोरी, काठीच्या टोकावरच्या आकड्यात अडकवावी लागते. ही हॉबी १६ ची खास डोकेदुखी. शीड पूर्ण वर ओढा, दोरी समोर दूर नेऊन खाली घ्या आणि मग हलकेच सैल सोडा. शीड खाली आलं नाही, तर अडकलं. आलं, तर पुन्हा. आम्हाला सात वेळा लागलं, आणि बघायला जमलेल्या मुलांनी सातही वेळा मोजलं.

पुढच्या तारेला जुन्या कॅसेटच्या फितीचा वीतभर तुकडा बांधा. वारा कुठून येतोय ते सांगणारं एवढं स्वस्त आणि चांगलं साधन दुसरं नाही. लोकरीचा धागा ओला झाला की चिकटून बसतो.

अंगावर घट्ट बसणारं लाइफ जॅकेट, शिट्टी, हातमोजे, पट्टीची टोपी. बरोबर पाणी, दोन वल्ही, दोरी कापायला चाकू, आणि पाणी न शिरणाऱ्या पाकिटात फोन. तटरक्षक दलाचा मदतीचा नंबर १५५४, तो फोनमध्ये ठेवाच. किनाऱ्यावरच्या एका माणसाला सांगून जा की किती वाजता परत येणार. आणि बुचं. दोन.

पाण्यात उतरताना

नाव चाकांच्या गाड्यावर ठेवून पाण्यापर्यंत न्या. गाडा नसेल तर चार माणसं हवीत. पाण्यात नावेचं तोंड वाऱ्याकडे, सुकाणू वर उचललेलं, दोन्ही शीट मोकळ्या. एकाने पुढे कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून नाव धरायची. दुसरा चढून सुकाणू खाली पाडतो. कळ बसल्याचा खट्ट आवाज येतो, तो आला नाही तर बसलेली नाही. मग पुढचा माणूस नाळ जिकडे जायचं तिकडे थोडी फिरवतो आणि बाजूने चढतो. पुढून चढायचं नाही. नाव तुमच्यावरून जाईल.

पहिला तास : फक्त थांबा

वारा बरोबर बाजूने येईल अशा दिशेने नाव धरा. मोठी दोरी हळूहळू ओढा. फडफड थांबली, की नाव निघते. आणि निघते म्हणजे खरंच निघते. माझ्या भावाची टोपी तिथेच राहिली.

आता दोरी सोडून द्या. शीड फडफडेल, नाव दहा-पंधरा मीटरवर जवळजवळ थांबेल. पुन्हा ओढा, पुन्हा सोडा. हे वीस वेळा करा. कंटाळवाणं आहे, तरी करा. पुढे कधीही गोंधळ झाला, तर हाताने आपोआप दोरी सोडली पाहिजे, आणि आपली सवय असते उलटी : घाबरलं की माणूस हातातलं घट्ट धरतो. पहिले काही दिवस मोठी दोरी क्लीटमध्ये, म्हणजे दोरी पकडून ठेवणाऱ्या खाचेत, अडकवूच नका, हातातच ठेवा. हात दुखेल. दुखू द्या.

टिलर, म्हणजे सुकाणू फिरवायचा दांडा, ज्या बाजूला ढकलाल त्याच्या उलट बाजूला नाव वळते, हे पहिल्या तासात अंगवळणी पडतं. वाऱ्याकडच्या कडेला, ट्रॅम्पोलीनच्या काठावर बसा. दुसरा माणूस जिब सांभाळत तुमच्या पुढे. झोत आला आणि वाऱ्याकडचा हल पाण्यातून उचलायला लागला, तर दोरी हातभर सोडा, तो खाली येतो. हल हवेत ठेवून जाणाऱ्यांचे फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात. ते नंतर.

टॅक, म्हणजे खरी परीक्षा

वाऱ्याच्या थेट दिशेने कुठलीच शिडाची नाव जात नाही. दोन्ही बाजूंना साधारण ४५ ते ५० अंशांचा पट्टा बंद असतो. वर जायचं तर नागमोडी, आणि प्रत्येक वळणावर नाळ वाऱ्याच्या डोळ्यातून पलीकडे न्यायची. हाच टॅक. एका पोटाच्या नावा जागेवर गर्रकन फिरतात. कॅटामरानला दोन लांब पोटं पाण्यात घासत वळवायची असतात, वजन कमी म्हणून धाव टिकत नाही, आणि हॉबीला मधली फळी नाही. म्हणून ती अर्ध्या वळणात अडकते, तोंड वाऱ्याकडे करून, रुसलेल्या बैलासारखी.

आमच्या पहिल्या नऊ टॅकपैकी दोन झाले. पुढच्या दिवशी नऊपैकी सात. मधे काय बदललं ते सांगतो.

आधी वेग. वाऱ्याच्या जवळ जाताना नाव सुस्त झाली असेल, तर थोडं खाली उतरा, म्हणजे वाऱ्यापासून जरा दूर वळा, वेग घ्या, मग टॅक करा. वळायच्या आधी सोबत्याला सांगा, आणि त्याने "तयार" म्हटल्याशिवाय टिलरला हात लावू नका.

टिलर हळू ढकलायचा. मी पहिल्या दिवशी तो एकदम ढकलत होतो; दोन्ही सुकाणू आडवी होऊन ब्रेकसारखी लागत होती. सुरुवात हळू, मग वळण जसं घट्ट होईल तसं थोडं जास्त. वळताना मोठी दोरी आवळत न्या, मोठं शीड नाळेला वाऱ्याकडे ढकलतं.

जिब सोडायची घाई नको. हीच आमची मोठी चूक होती. भाऊ नाळ वाऱ्यावर आली रे आली की जिबची दोरी सोडून दुसरी ओढायचा, आणि नाव तिथेच थांबायची. जिब जुन्याच बाजूला धरून ठेवा. नाळ वाऱ्यातून पलीकडे गेली की वारा जिबच्या उलट्या बाजूने भरतो आणि नाळेला ढकलून पुरतं वळवतो. ती पोटात वारा घेऊन नाळेला ओढायला लागली, की मग सोडा आणि नव्या बाजूला ओढा.

त्याच क्षणी मोठी दोरी दोन-तीन फूट सैल करा. ती आवळलेली राहिली तर मोठं शीड नाळेला पुन्हा वाऱ्याकडे खेचतं आणि सगळं पाण्यात. आणि बॅटन उलट्या बाजूला फिरायलाही दोरी सैल लागते. हलक्या वाऱ्यात त्या फिरल्या नाहीत तर बूमला, म्हणजे मोठ्या शिडाखालच्या आडव्या काठीला, एक झटका द्या.

चालवणाऱ्याने वळण निम्मं होईपर्यंत मागेच बसायचं. मागे वजन असलं की नाळा उचलल्या जातात आणि नाव सहज फिरते. मग टिलरची लांब काठी मोठ्या दोरीच्या मागून पलीकडे फिरवायची आणि गुडघ्यांवर सरकत बाजू बदलायची. उभं राहायचं नाही. बूमला तुमचं डोकं ओळखीचं नसतं.

अडकलात तर? नाव मागे जायला लागते. मागे जात असताना सुकाणू उलटं काम करतं, हे विसरून सगळे टिलरशी झटापट करतात. दोन्ही दोऱ्या सोडा. ज्या बाजूला नाळ न्यायची आहे, त्या बाजूला बूम हाताने बाहेर ढकला आणि टिलरही त्याच बाजूला. नाव मागे सरकत सरकत नाळ तिकडे फिरवते. पुरेशी फिरली की टिलर सरळ, आधी जिब ओढा, वेग आला की मोठी दोरी. हे जमलं की टॅक फसण्याची भीती जाते, आणि भीती गेली की टॅक फसतही नाही, असा आमचा अनुभव.

वाऱ्याकडे पाठ करून वळणं, म्हणजे जाइब, त्या मानाने सोपं. फक्त बूम एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जोरात येते. मोठ्या दोरीचे पेड एकत्र मुठीत धरून शीड आपल्या हाताने पलीकडे न्या. दहा नॉट्सच्या वर वारा असेल तर पहिल्या आठवड्यात जाइब टाळा. टॅक करून फिरून या.

मुद्दाम उलटा

दुसऱ्या दिवशी, हलक्या वाऱ्यात, ओळखीची इंजिनाची होडी जवळ ठेवून, नाव मुद्दाम उलटवा. आम्ही होडी भाड्याने घेतली. तांडेलाला कारण सांगितलं तेव्हा त्याने आमच्याकडे असं बघितलं की आगाऊ पैसे मागेल असं वाटलं.

उलटल्यावर पहिला नियम : नाव सोडायची नाही. रिकामी कॅटामरान वाऱ्याने तुम्ही पोहाल त्यापेक्षा जोरात वाहते. एकमेकांना हाक मारा, दोघं सापडलात का बघा. मग दोन्ही शीट क्लीटमधून मोकळ्या करा. हे विसरलात तर नाव सरळ होताच तुम्हाला मागे ठेवून चालायला लागेल.

आता घाई. आडवी पडलेली नाव हळूहळू पूर्ण पालथी होते, काठी सरळ खाली. मांडव्याला किनाऱ्याजवळ पाणी ८ मीटर खोल नसतं आणि तळाला चिखल आहे. काठी चिखलात रुतली, तर ती दोन माणसांना निघत नाही आणि वाकण्याचीही भीती. काठीच्या टोकाला फुगा बसवायचा पर्याय मिळतो. नवख्याने तो बसवावा, दिसायला बरा नसला तरी.

एकाने खालच्या हलच्या नाळेपाशी जाऊन पाण्यात लोंबकळायचं, म्हणजे नाव वाऱ्याकडे तोंड करून फिरते. मग दोघांनी खालच्या हलवर उभं राहायचं, सरळ करायची दोरी वरच्या हलवरून घेऊन मागे झुकायचं. झुकायचं, ओढायचं नाही. काम हातांचं नाही, वजनाचं आहे. गुडघे सरळ, पाठ पाण्याकडे. सुरुवातीला काहीच होत नाही. शिडावरचं पाणी ओघळायला वेळ लागतो. मग वारा शिडाखाली शिरतो आणि काठी अचानक वर येते. वरचा हल तुमच्या डोक्यावर येणार आहे. दोन्ही हलांच्या मधे, पुढच्या आडव्या नळीजवळ राहा आणि तिच्याखालचा धातूचा दांडा धरा, म्हणजे नाव दुसऱ्या बाजूला पुन्हा उलटत नाही.

एकट्या, हलक्या माणसाला हॉबी १६ सरळ करता येत नाही. एकट्याने जायचा मोह झाला तर हे आठवा.

दुसऱ्या प्रकारचं उलटणं जास्त वाईट : वारा मागून-बाजूने असताना वेगात वाऱ्याआडची नाळ पाण्यात घुसते आणि मागचा भाग तुमच्यासकट पुढे फेकला जातो. हॉबी १६ च्या नाळा बारीक आहेत, ती यासाठी प्रसिद्ध आहे. नाळेवर पाणी चढताना दिसलं, की दोघं लगेच मागे, आणि दोऱ्या सोडा. त्या दिशेला जाताना आधीपासूनच मागे बसा.

परत येताना

दमायच्या आधी निघा. आमचा ठरलेला वेळ दीड तास.

वारा किनाऱ्याकडे आणत असेल तर थेट वाळूवर धडकायचं नाही. किनाऱ्याला समांतर या, उथळ पाण्यात पोचलात की वाऱ्याकडे वळा, दोऱ्या सोडा, सुकाणू वर घ्या. पाणी कमरेएवढं आहे याची खात्री करून एकाने मागच्या बाजूने उतरायचं. पुढे उडी मारणाऱ्याच्या पायावरून हल जातो.

वाळूवर आल्यावर नावेचं तोंड वाऱ्याकडे ठेवून लगेच शिडं उतरवा. नुसती उभी ठेवलेली नावही झोताने उलटते, आणि शेजारी खेळणारी मुलं असतात. रात्री ठेवायची असेल तर दोन्ही बाजूंनी जमिनीत खुंट मारून बांधा.

मग गोडं पाणी. कप्प्या, खिळ्या, सुकाणूची कळ, सगळं धुवा. शिडं सावलीत वाळवून गुंडाळा, बॅटनचा ताण सैल करा. शेवटी नाव मागे कलती करून बुचं काढा आणि आतलं पाणी मगात घ्या. आम्ही प्रत्येक वेळी ते मोजून वहीत लिहितो. अर्धा मग असेल तर काळजी नाही. दोन बादल्या निघाल्या, आणि दोन्ही बुचं जागेवर होती, तर कुठेतरी चीर आहे. पुढच्या वेळेआधी ती शोधा. आमच्या वहीत पहिल्या दिवशी डाव्या हलपुढे 'साडेचार बादल्या' लिहिलंय. भावाच्या अक्षरात, लाल शाईने.